काटा हलत नाही म्हणून ती खोटं बोलत नाही

परवा धाकट्या बहिणीकडे गेले होते. भर दुपार, मला घाम फुटलेला, आणि ही पंखा बंद करून अंगावर शाल घेऊन बसलेली. ‘बरं नाही का?’ विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही गं ताई, जरा थकवा आहे.’ तासाभराने खरं काय ते बाहेर आलं. थायरॉइडची गोळी बंद करून १९ दिवस झाले होते. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. मोबाइलवर एक संदेश आला होता, त्यात तसं करायला सांगितलं होतं.

‘खाणं नीट, व्यायाम रोज, तरी वजन उतरत नाही? मग तुम्ही खोटं बोलताय!’ अशी त्या संदेशाची सुरुवात आहे. तुमच्याकडेही तो आला असेल. त्याखाली सहा मुद्दे आहेत. रोज ५०० कॅलरी कमी केल्या की वर्षात २४ किलो उतरलेच पाहिजेत, हा पहिला. मेटाबॉलिझम मंदावतो ही सबब आहे, हा दुसरा. असे लोक खाल्लेलं लपवतात हे संशोधनाने सिद्ध झालंय, हा तिसरा. थायरॉइडच्या गोळ्यांनी ग्रंथी आळशी होते, त्या २१ दिवस बंद केल्या की ती जागी होते आणि वजन भराभर उतरतं, हा चौथा. जितका घाम जास्त तितकी चरबी जास्त जळते, हा पाचवा. संध्याकाळी सातनंतर खाल्लेल्या प्रत्येक घासाची चरबी होते, हा सहावा.

हे सगळं वाचून तिने मला विचारलं, ‘ताई, मी खरंच खोटं बोलतेय का गं?’ तिची वही मी पाहिली आहे. १४ महिने रोजचं खाणं, चाललेली मिनिटं आणि सकाळचं वजन त्यात लिहिलंय. सुरुवातीला ७८ किलो. पहिल्या पाच महिन्यांत ७२. त्यानंतरचे नऊ महिने ७२.४, ७१.९, ७२.१, ७२.३. शेवटच्या पानांवर तर आकडे इतके दाबून लिहिलेत की मागच्या बाजूला बोटाला लागतात. अशा माणसाला खोटारडं म्हणणाऱ्याला उत्तर दिलंच पाहिजे. मुद्दे क्रमाने घेत नाही. जीवावर बेतू शकतो तो आधी.

चौथा मुद्दा. थायरॉइड कमी काम करण्याचं सर्वांत नेहमीचं कारण, आहारात आयोडीन पुरेसं असेल तिथे, हाशिमोटो नावाचा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि तिच्या पेशी हळूहळू नष्ट करते. म्हणजे ग्रंथी झोपलेली नसते, तिची मोडतोड झालेली असते. आणि तिला जागं करण्याचं काम शरीर आधीपासून करतच असतं. रक्ताच्या तपासणीत आपण जो टीएसएच पाहतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो, आणि थायरॉइडला ‘काम कर’ असं सांगणं हेच त्याचं काम. थायरॉइड कमी पडली की टीएसएच वाढतो. तपासणीत तो वाढलेला दिसला याचा अर्थच हा, की पीयूषिका ओरडून ओरडून थकली आहे आणि थायरॉइडकडून पुरेसा प्रतिसाद नाही. जी ग्रंथी त्या ओरडण्याने उठली नाही ती गोळी बंद केल्याने कशी उठणार? गोळीत असतं ते थायरॉक्सिन, ग्रंथीने बनवायला हवं होतं तेच. गोळी काढून घेतली की शरीराकडे ते कमी पडतं, एवढंच घडतं.

या सल्ल्यातला खरा सापळा वेगळा आहे. थायरॉक्सिन शरीरात फार काळ राहतं. निम्मं संपायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही आणि माणसाला वाटतं, ‘पाहा, बंद केली तरी काही झालं नाही, म्हणजे गोळीची गरजच नव्हती.’ बहिणीने मला अगदी हेच सांगितलं. आठव्या दिवशी तिने वहीत ‘छान वाटतंय’ असं लिहिलं होतं. मग साठा उतरत जातो. थंडी वाजते, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, डोकं जड होतं. आणि ज्या वजनासाठी हा खटाटोप केला ते वाढतं, कारण थायरॉक्सिन कमी पडलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. १९ व्या दिवशी तिच्या वहीत ७३.६ होतं. संदेशात ‘वजन भराभर उतरतं’ असं लिहिलं होतं.

कमतरता फार काळ तशीच राहिली आणि त्यात संसर्ग किंवा कडाक्याची थंडी आली, तर क्वचित माणूस बेशुद्ध होण्यापर्यंत जातो. त्याला मिक्सिडीमा कोमा म्हणतात. तो मुख्यतः वयस्क माणसांना होतो आणि अतिदक्षता विभागात नेऊनही त्यातले अनेक जण वाचत नाहीत. हा संदेश ज्या गटांत फिरतोय त्यांत सत्तरीच्या आज्या आहेत, हे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आणि गर्भवती स्त्रीने तर या गोळीला स्वतःच्या मनाने हातच लावू नये. पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच अवलंबून असते.

यात खरं किती? थोडं आहे, ते नाकारत नाही. थायरॉइडची गोळी ही वजन उतरवायची गोळी नाही. कमतरतेमुळे वाढलेलं वजन बहुतेकांच्या बाबतीत दोन ते पाच किलोंच्या आसपास असतं आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणीच असतं. टीएसएच नीट झाल्यावर तेवढंच उतरतं. त्याहून जास्त वजनाचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. वजनासाठी जादा गोळ्या घेणंही धोक्याचं आहे, आणि म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला आहे. काही जणांची थायरॉइडची सूज तात्पुरती असते, बाळंतपणानंतर असं होतं, आणि पुढे गोळी थांबवता येते. पण ती डॉक्टर थांबवतात, रक्त तपासून.

आता दुसरा मुद्दा, मेटाबॉलिझम ही सबब असल्याचा. यावर एकच अभ्यास पुरेसा आहे. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ३० आठवड्यांत या लोकांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातले सरासरी ४१ किलो परत आले. पण माझ्या मते महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. नुसतं पडून राहिल्यावर शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती त्यांच्या वयाच्या आणि बांध्याच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होती. सहा वर्षांनंतरही! आणि ज्यांनी वजनातली घट जास्त टिकवून धरली होती त्यांच्यात हे मंदावणं जास्त होतं. कष्ट ज्यांनी जास्त टिकवले त्यांचंच शरीर जास्त हात आखडून बसलं. याला सबब म्हणायचं असेल तर हे आकडे खोटे ठरवून दाखवा.

ही टोकाची उदाहरणं आहेत हेही सांगते. हळूहळू पाच-सहा किलो उतरवणाऱ्याच्या शरीरात इतकी घट होत नाही. पण दिशा तीच असते, आणि सोबत भूकही वाढते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ५० जणांवर हे पाहिलं. दहा आठवडे अगदी कमी आहार देऊन त्यांचं वजन उतरवलं आणि वर्षभराने भूक चाळवणारी आणि भूक शमवणारी संप्रेरकं तपासली. ती पूर्वपदावर आलेली नव्हती. वर्ष उलटूनही शरीर ‘खा, खा’ म्हणत होतं. बहीण रात्री झोपताना उपाशीपणा जाणवतो म्हणायची, तेव्हा मीच तिला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणाले होते. ते मला आता बोचतंय.

यातूनच पहिला मुद्दाही कोसळतो. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी धरून ५०० गुणिले ३६५ भागिले ७७०० केलं की २४ किलो येतात, भागाकार बरोबर आहे. चूक ही, की हे गणित शरीर वर्षभर आहे तसंच राहतं असं धरून चालतं. वजन उतरलं की शरीर लहान होतं, लहान शरीर कमी खर्च करतं, त्यामुळे ५०० चा फरक दर महिन्याला आपोआप आकसत जातो. हॉल यांच्याच गटाने २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जास्त वास्तव हिशेब मांडला. रोजच्या आहारात कायमची साधारण २४ कॅलरींची घट केली की अखेरीस एक किलो उतरतो, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळपास पूर्ण तीन वर्षांत. म्हणजे ५०० कॅलरींना पहिल्या वर्षी दहा किलोंच्या आसपास. २४ नव्हे. आणि तेही एक दिवस न चुकता जमलं तर.

तिसऱ्या मुद्द्यावर मला नाइलाजाने थोडी माघार घ्यावी लागते. असा अभ्यास आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो १९९२ मध्ये आला. ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च अचूक मोजला, तर तो व्यवस्थित होता. खाल्लेलं त्यांनी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. हे मला आवडत नाही, पण आहे. घरी पडताळूनही पाहिलं. बहीण वहीत ‘तेल एक चमचा’ लिहायची. तिला नेहमीसारखं ओतायला सांगितलं आणि खाली स्वयंपाकातला वजनकाटा ठेवला. २२ ग्रॅम. मोठा चमचा सपाट भरला तर १४ ग्रॅमच्या आसपास बसतो. एका ओतण्यात ७० कॅलरींचा फरक, दिवसातून तीनदा. ती काट्याकडे पाहतच राहिली, मग वही उघडून मागची पानं चाळायला लागली. जो लपवतो तो असा चाट पडत नाही. अंदाज चुकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. आहारतज्ज्ञांचेही अंदाज चुकतात. ‘मोजून पाहा’ एवढंच त्या संदेशात लिहिलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

पाचवा आणि सहावा मुद्दा झटपट. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, ग्लासभर पाणी प्यालं की उतरलेलं वजन परत. सातनंतर खाल्ल्याने अन्नाची जात बदलत नाही. उशिरा खाणारे अनेकदा एकूणच जास्त खातात, एवढं मान्य.

वजन अडलं की तपासायच्या ज्या गोष्टी आहेत त्यातली एकही त्या संदेशात नाही. काही औषधांनी वजन वाढतं: स्टेरॉइड, इन्सुलिन, ओलान्झापिन आणि मिर्टाझापिनसारखी मानसिक आजारांवरची औषधं. तीही मनाने बंद करायची नसतात, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारायचं असतं. झोप, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड), पाळी जाण्याचा काळ, हे सगळं बघावं लागतं.

आणि ७२ वर अडकणं हे अपयश आहे असं कोणी ठरवलं? अमेरिकेत ३२३४ जणांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासात, ज्याचे निकाल २००२ मध्ये आले, आहार-व्यायामाच्या गटाला उद्दिष्ट दिलं होतं ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. बहिणीने सहा उतरवलेत आणि नऊ महिने टिकवलेत. तिची उपाशीपोटी साखर ११२ वरून ९७ वर आली आहे. हे मी तिला आकडेमोड करून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग मला हे कोणी सांगितलं का नाही?’

त्याच संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पूर्वीच्याच मात्रेत गोळी लगेच सुरू करायला सांगितली आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करायला. संदेश पाठवणाऱ्या मावशींना मी फोन केला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, ‘अगं, मी तो पूर्ण वाचलाही नव्हता.’ ज्या गटात पाठवला होता तिथेच ‘चौथा मुद्दा चुकीचा आहे, कुणीही गोळी बंद करू नका’ असं लिहायला त्यांना सांगितलं. त्यांनी लिहिलं. तासाभरात दोघींनी विचारलं, ‘मी तर बंद केली आहे, आता काय करू?’ दोघींना मी एकच उत्तर दिलं: आजच डॉक्टरांना फोन करा, आणि किती दिवस बंद होती ते लाजून कमी सांगू नका.