मिग-21ला पुट्टी किती लागते?

माझ्या टेबलावरच्या या प्लॅस्टिकच्या मॉडेलचा साचा ज्याने बनवला त्याने मिग-21 हे लढाऊ विमान कधी जवळून बघितलं होतं की नव्हतं ते सोडा, पण एकमेकांना जुळणारे दोन तुकडे त्याने जन्मात बघितले नव्हते हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये विमानाचं धड दोन उभ्या फाकांत येतं, डावी नि उजवी. माझ्या डब्यातली डावी उजवीपेक्षा मिलीमीटरभर लांब आणि उजवी मधेच वाकलेली. शेपटाकडे जुळवलं की नाक उघडतं, नाक दाबलं की शेपूट फाकतं, आणि दोन्हीकडे कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवलं की सकाळी पोट उघडं. सूचनापत्रक चार-पाच भाषांत आहे आणि सगळ्या भाषांत ते एवढंच म्हणतं, चिकटवा.

किट जुनं आहे. साचा आमच्या पिढीच्या जन्माच्या आसपासचा. विकणाऱ्याने जुनं म्हणून कमी नाही, जुनं म्हणून जास्त पैसे घेतले. स्केल एकास बहात्तर, म्हणजे विमान वीतभर, पंखांचा पसारा दहा सेंटीमीटर. ऐकायला गोड वाटतं, पण स्केलचं गणित दोन्हीकडून चालतं ना. पंख जिथे धडाला लागतो तिथे दोन मिलीमीटरची फट आहे. गुणिले बहात्तर केलं तर खऱ्या विमानात ती जवळजवळ साडेचौदा सेंटीमीटर होते, म्हणजे पायलटला त्यातून हात घालून आतला जेवणाचा डबा काढता आला असता. कॉकपिटवरची काच मिलीमीटरभर जाड, म्हणजे खऱ्यात सात सेंटीमीटर. पायलट आहे, पण त्याला कॉकपिट नाही, एका फळीवर बसवलाय बिचारा, समोर ना काटे ना बटणं. आणि अंगभर उठावाचे रिव्हेट, एकेक असा की खऱ्या विमानावर त्याला अडखळून मेकॅनिक पडला असता.

तर फट भरायला पुट्टी पाहिजे. मॉडेलवाल्यांची खास जपानी पुट्टी मिळते, पण एवढुशा ट्यूबला जे पैसे मागतात त्यात आठवड्याची भाजी येते. आपल्याकडे सगळे गाडीवाल्यांची एनसी पुट्टी वापरतात, पातळ थर द्यायचा, जाड लावली की प्लॅस्टिकच मऊ पडतं. म्हणून संध्याकाळी सातच्या सुमारास करी रोड स्टेशनकडे जाताना एक हार्डवेअरचं दुकान लागतं तिथे शिरलो. सातला अशा दुकानात कोण असतं? एक प्लंबर, एक रंगारी, आणि ज्यांना घरी जायची काही घाई नसते असे एक काका.

"पुट्टी आहे का?"

"आहे ना. वीस किलो, चाळीस किलो. रूम किती?"

"तेवढी नको. एनसी पुट्टी, थोडीशी."

"अच्छा, गाडीची. कुठली गाडी?"

सभ्य माणसाने इथे वॅगनआर म्हणून मोकळं व्हावं. पण दिवसभर त्या फाकांशी झटून माझं डोकं फिरलेलं होतं, मी म्हटलं, "गाडी नाही हो, विमान आहे."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या खांद्यावरून मागे काकांकडे बघितलं. काका म्हणजे हाफ शर्ट, खिशात चष्म्याची केस, दोन पेनं, आणि हातात पेपरात गुंडाळलेलं नळाचं स्पिंडल, जे त्यांनी केव्हाच विकत घेतलेलं होतं.

"कुठलं विमान?" काका.

"मिग-21."

"ते रिटायर झालं ना? चंदीगडला. टीव्हीवर दाखवलं, पाण्याचे फवारे वगैरे मारले."

"हो. सप्टेंबर 2025 मध्ये."

"मग आता पुट्टी लावून काय उपयोग?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आत्ताही नाही.

"आलं कधी होतं ते?" काकांनी परीक्षकासारखं विचारलं.

"1963."

"म्हणजे बासष्ट वर्षं ओढलं! आम्हाला अठ्ठावन्नला घरी बसवला." हे दुकानदाराला. मग परत मला, "मी बेस्टच्या वर्कशॉपला होतो. बॉडी सेक्शन."

म्हटलं, काका, हे प्लॅस्टिकचं मॉडेल आहे, आणि हाताने वीतभर अंतर दाखवलं. ते वीतभर अंतर मी हवेत धरून ठेवलेलं, प्लंबर त्याच्याकडे बघतोय, रंगारी बघतोय, आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्याचा भाव आला.

"शाळेचा प्रोजेक्ट! मुलगा कितवीला?"

"मुलगी आहे. सीए करते."

"मग तिला विमान कशाला?"

"तिला नाही. मला."

"तुम्ही एअरफोर्सला?"

"बँकेत."

यानंतर जे झालं ते उलटतपासणीपेक्षा वेगळं नव्हतं. काका विचारत होते आणि मी देवाशपथ खरं सांगत होतो. उडतं का? नाही. लाइट लागते? नाही. चाकं तरी फिरतात? गोंद आत गेला नाही तर फिरतात. मग याचं करायचं काय? कपाटात ठेवायचं. "म्हणजे शोपीस," काका म्हणाले, आणि मग अगदी मायेने, जसं आजारी माणसाला विचारतात तसं, "मग तयारच का नाही आणलंत?"

मला सांगा, गिर्यारोहण करणाऱ्याला कोणी विचारतं का की हेलिकॉप्टरने का नाही गेलात? गडावर सात तास तंगडतोड करून येणाऱ्याला लाइक मिळतात. ढोल-ताशा पथकात पन्नाशीचा माणूस महिनाभर कंबर दुखवून घेतो त्याचं कौतुक होतं. मी घरात, टेबलावर, कोणाला त्रास न देता, वीस सेंटीमीटरच्या जागेत काहीतरी करतो तर माझी मुलगी कितवीला आहे हे विचारलं जातं. असो.

काकांना पुढे मात्र खरा इंटरेस्ट आला. "गॅप किती?"

"पंखाच्या मुळाशी दोन मिलीमीटर."

"इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे तर पाऊण सूतपण नाही! अहो, डबलडेकरला आम्ही दोन-दोन सूत सोडायचो. रस्त्यावर चालायला लागली की बॉडी आपोआप बसते."

"काका, हे चालणार नाहीये."

"तेच तर चुकतंय तुमचं."

प्लंबर इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "एम-सील मारा ना साहेब." मुंबईत कुठल्याही प्रश्नावर कोणीतरी हे म्हणतंच, आणि म्हटल्यावर आजूबाजूचे सगळे माना डोलावतात, तशा डोलावल्या. रंगाऱ्याने विचारलं घासणार कशाने, मी म्हटलं वॉटर पेपर, आधी आठशे नंबर, मग हजार. तो हसला. "एवढं फिनिशिंग तर बिल्डरपण देत नाही." मग कार्ड काढून दिलं, व्हिजिट फ्री आहे म्हणाला.

मला लागणार होती फार तर दहा ग्रॅम पुट्टी. सगळ्यात लहान डबा एक किलोचा. "घ्या," काका म्हणाले, "अख्खं स्क्वाड्रन होईल." सगळे हसले. मीपण हसलो, काय करणार, पैसे द्यायचे बाकी होते.

घरी येताना डोक्यात तेच. खरी मिग-21 इथून जवळच बनायची, ओझरला, नाशिकच्या एचएएलच्या विमान कारखान्यात, रशियन लायसन्सवर. ती जुळायची. जुळावीच लागायची, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या वस्तूला दोन सूत सोडून चालत नाही. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या बंगल्यावर याच विमानांनी रॉकेटं मारली आणि गव्हर्नरने त्या हल्ल्यातच राजीनामा लिहिला. माझं मिग बघून आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा राजीनामा देणार नाही. पुढे या विमानाने किती तरुण पायलट नेले तेही आहेच, आणि ते आठवलं की टेबलावर त्या फळीवर बसवलेल्या बिनकॉकपिटच्या माणसाकडे बघवत नाही. निदान त्याला सीटबेल्टचे पट्टे तरी रंगवावे म्हणून मी शून्य नंबरच्या ब्रशने पिवळट दोन रेघा काढल्या. त्या कोणाला दिसणार नाहीत, वरती सात सेंटीमीटरची काच येणार.

पण रंगारी जे बोलला ते खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटमधून आलेली. जुन्या चाळीतल्या दरवाजाला आजोबांच्या काळापासून फट नव्हती, आता नव्या टॉवरमध्ये बाथरूमची चौकट आणि भिंत यांच्यात माझं करंगळीचं बोट जातं. किचनच्या ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीला एका टोकाला टेकतो, दुसऱ्या टोकाला चमचा पडतो. कोपरे काटकोनात नाहीत, कपाट करायला आलेला सुतार गुण्या लावून बघत बसला आणि मग चहा मागितला. बिल्डरच्या माणसाला बोलावून दाखवलं तर तो म्हणाला सेटलमेंट आहे, बिल्डिंग बसतेय, एक पावसाळा जाऊ द्या. गेला. दुसराही गेला. मग बिल्डरच्या त्या माणसाचा पोरगा आला, पुट्टी भरली, वरून पांढरा रंग मारला, सह्या घेतल्या. ती पुट्टी तिसऱ्या पावसाळ्यात पडली. यावर मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही, बोललं तर लोक म्हणतात अहो एवढं तर चालायचंच, सगळीकडे असंच आहे, आणि तीच माणसं माझ्या टेबलापाशी येऊन विचारतात की दोन मिलीमीटरसाठी एवढं कशाला मनाला लावून घेता. करोडो रुपयांच्या घराला फट चालते. मला माझ्या शोपीसला नकोय, तर मी विक्षिप्त.

पुट्टी लावली. सुकली. सुकल्यावर ती बसते, म्हणजे आक्रसते, म्हणून परत लावली. घासताना शेजारचे ते उठावाचे रिव्हेट गेले, त्यांचं दुःख नाही. दुःख नाकाचं आहे. मिगला पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागचा भाग जड, त्यामुळे नाकात वजन घातलं नाही तर विमान शेपटावर बसतं. पत्रक म्हणतं, नाकात वजन घाला. कुठे? मिगच्या नाकाला हवा ओढायचं भोक आहे आणि भोकात एक शंकू, जागा आहे ती त्या शंकूच्या पोटात, जेमतेम वाटाणा मावेल एवढी. बाजारात नेहमीच्या मासेवाल्या मावशींकडे जाळ्याला लावायचं शिसं मागितलं. त्यांनी दोन गोळ्या दिल्या, पैसे घेतले नाहीत, कशाला पाहिजे हेही विचारलं नाही. सुरमई मात्र त्या सांगतील त्या भावात घ्यावी लागली.

मग रंग, तो पावसात मारायचा नाही, हवेत दमट असलं की लॅकरवर पांढरी साय धरते, आणि मुंबईत हवा दमट कधी नसते ते मला कोणी सांगावं. मग डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची छापील चिन्हं. पाण्यात टाकले, तर एक कागद सोडायला तयार नाही आणि दुसरा कागद सोडून तीन तुकडे झाला. आपल्या वायुदलाच्या गोलात मधे केशरी, मग पांढरा, बाहेर हिरवा. माझ्या किटातला केशरी ठिपका मधोमध नाहीये, एका कडेला सरकलाय, छापतानाच. डाव्या पंखावर तो पुढे बघतो, उजव्यावर मागे.

दरम्यान डबा. किलोतली दहा ग्रॅम गेली, बाकीची फ्रिजवर. बायकोने चार दिवस बघितला, मग म्हणाली, "एवढी उरलीय तर त्या बाथरूमच्या चौकटीला लाव की." म्हटलं ही गाडीची आहे. ती म्हणाली, विमानाला चालते तर चौकटीला काय झालं? रविवारी लावली. करंगळीएवढी फट, वरपासून खालपर्यंत, थरावर थर. मग ओट्याच्या टोकाला लावली, मग खिडकीला, मग शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. सगळं छान बसलं, हजार नंबरने घासलं, हात फिरवला तर जोड लागत नाही, वहिनींनी दोनदा हात फिरवून बघितला.

डबा संपला. आणि काल बघतो तर डाव्या पंखाच्या मुळाशी पुट्टी पुन्हा बसलेय, केसाएवढी रेघ दिसते, अजून एक थर लागणार. दुकानात फोन करून विचारलं घरपोच देता का. दुकानदार म्हणाला एका डब्यासाठी माणूस पाठवत नाही, तुम्हीच या साहेब, सातनंतर या, काका रोज विचारतात, विमान झालं का.