एसी, केळी आणि आकारिक नोंदी: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, माझ्या मूल्यमापनावरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण लगेच लिहिलं असतं तर भलतंच काहीतरी टाईप झालं असतं म्हणून सकाळवर ढकललं. तुमचं म्हणणं असं की आकारिक मूल्यमापन (पोरं शिकत असतानाच वर्षभर शिक्षकाने ठेवायच्या नोंदी) म्हणजे नुसता कागदी घोडा, नोंदी शेवटच्या रात्री एकमेकांच्या उतरवतात, पालक शेवटी मार्कच विचारतात, आणि "एसीत बसून लिहिणाऱ्याला वर्ग काय कळणार".

आधी चूक कबूल करतो. मी लेखात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (आकारिक आणि संकलित मिळून) 2009 चं लिहिलं, ते साल आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, मूल्यमापनाचा आपला शासन निर्णय 20 ऑगस्ट 2010 चा. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता ते एसीचं. यावल तालुक्यात पत्र्याच्या वर्गात एप्रिल काढलेत मी, 11 वाजेनंतर पोरं फरशीवर पाणी शिंपडून बसायची आणि खडू घामाने ओला व्हायचा, तेव्हा एसी तुमच्याकडेच असू द्या. त्याच वर्गात चौथीचा एक पोरगा होता, घरी अहिराणी, संकलितच्या, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेच्या, लेखीत 14 गुणिले 18 कोरं सोडलेलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या केळीच्या कापणीवर गेलो तर हा काट्याजवळ उभा, बाप म्हणतो 14 घड झाले, 18 किलोचा एकेक धर, आणि हा बोलला, "अडीच क्विंटलना वर दोन किलो." कसं काढलं विचारलं तर दहाचे एकशे ऐंशी, चारचे बहात्तर. म्हणजे गुणाकार येत होता, उभी मांडणी येत नव्हती! ते मी नोंदीत लिहिलं, आणि मांडणी दहा आणि चार फोडूनच शिकवली. तिसरी-चौथीला आकारिकला 60 आणि संकलितला 40 टक्के भार होता तो ह्याच्यासाठीच, नाहीतर लेखीच्या कागदावर त्या पोराचं भोपळ्यावर भागलं असतं. ही नोंद कोणाची बघून उतरवली असती मी, सांगा बरं?

बाकी नोंदी उतरवतात वगैरे, ते होतं, कुठे नाही होत, त्यावर परत कधीतरी. पालकांचं म्हणाल तर त्याच्या बापाने मार्क कधी विचारलेच नाहीत, केळीच्या विक्रीची हिशेबाची पट्टी बरोबर आहे का तेवढं पोराकडून तपासून घ्यायचा.

आणि पुढच्या वेळी नाव टाकून लिहा. "एक सुज्ञ वाचक" म्हणजे कोण ते आम्हाला कळत नाही असं समजू नका.