चौथा प्रश्न सोडवा

थेरपी सुरू केलीत, उत्तम. आता ती संपू देऊ नका. बरं होऊन बाहेर पडणं हा नवशिक्यांचा हेतू. तुमचा अभ्यासविषय तुम्ही स्वतः आहात, आणि विषय अथांग आहे.

आधी भाषा सुधारा. आईने दळण आणायला सांगितलं तर 'कंटाळा आलाय' म्हणू नका, त्यावर बोलणी बसतात. 'माझ्याकडे आत्ता इमोशनल बँडविड्थ नाही' म्हणा. तिला काही कळणार नाही, ती मुकाट्याने डबा उचलून गिरणीत जाईल. याला बाउंडरी म्हणतात. त्याच पिठाच्या पोळ्या खाताना बाउंडरी आड येत नाही.

मित्राचा फोन आला की वडील आयसीयूत आहेत, तर ऐकता ऐकता डोळे मिटा आणि या बातमीने आपल्या आत काय काय हलतंय ते बघा. मग ते त्याला सविस्तर सांगा. आयसीयूबाहेर माणसाला वेळच वेळ असतो. डबा पोचवणं, रात्री बाकावर सोबतीला बसणं, ही कामं ज्यांना स्वतःविषयी फारसं कुतूहल नाही त्यांची.

एखादा काउन्सेलर गृहपाठ देईल : बहिणीशी अबोला आहे ना, या आठवड्यात तिला फोन करा. तो तत्काळ बदला. तुम्हाला व्हॅलिडेशन हवंय, कामं नकोत.

वाचनही जपून करा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांच्याकडे स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद योगायोगाने भूकंपाच्या आधीच झालेली होती. मन खट्टू झालं की तेच ते उगाळत बसायची ज्यांना सवय, ते सात आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त खिन्न आढळले. असलं काही दिसलं की पान उलटा. तुम्ही कुठे उगाळता? तुम्ही 'प्रोसेस' करता.

आणि जपानच्या नाइकानपासून तर लांबच राहा. योशिमोतो इशिन यांची ही पद्धत. आठवडाभर पडद्याआड एकट्याने बसायचं आणि एकेका जवळच्या माणसाबद्दल तीनच प्रश्न विचारायचे : मला त्याच्याकडून काय मिळालं, मी त्याला काय दिलं, मी त्याला कोणता त्रास दिला. त्याने मला कोणता त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दामच वगळलेला. त्याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं म्हणे.

तुम्ही पहिले तीन ऑप्शनला टाका. चौथाच सोडवा, पुरवण्या जोडजोडून. तिथे सुरुवात बहुधा आईपासून करतात, तुम्हीही तसंच करा. दुसरीतल्या गॅदरिंगला ती उशिरा आली होती ना?