आधी नेमणूक, मग चौकशी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे शनिवार मी गेली अठरा वर्षे मनापासून पाहत आले आहे, पण २०२५च्या हंगामात आला तेवढा संताप मला आजवर कधीच आला नव्हता. आपला संघ हरला म्हणून आलेला हा संताप नाही. २८ सप्टेंबर रोजी आर्कान्सॉ विद्यापीठाने, आदल्या दिवशी नोटर डेमकडून ५६-१३ असा दारुण पराभव झाल्यावर, मुख्य प्रशिक्षक सॅम पिटमन यांना काढले आणि संघ बॉबी पेट्रिनो यांच्या हाती सोपवला. याच विद्यापीठाने याच पेट्रिनो यांना २०१२ मध्ये खोटे बोलल्याबद्दल घरी पाठवले होते. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, ऑबर्न विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक ह्यू फ्रीझ यांना काढले आणि उरलेल्या हंगामासाठी डीजे डर्किन यांना नेमले. डर्किन मेरीलँड विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक असताना, २०१८ मध्ये, त्यांच्या संघातला एक १९ वर्षांचा मुलगा सरावात कोसळला आणि दोन आठवड्यांनी दगावला. १० डिसेंबरला मिशिगन विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक शरोन मूर यांना, एका महिला कर्मचाऱ्याशी अनुचित संबंध ठेवल्याचे कारण देऊन, बडतर्फ केले. हे सगळे एकाच हंगामात घडले.

मी मिशिगन राज्यातच राहते आणि एका कॉलेजच्या कार्यालयात साधे टेबलाचे काम करते. ही नोकरी मिळण्यापूर्वी माझ्याकडून तीन जणांची शिफारसपत्रे घेतली गेली, पोलिसांकडचा पूर्वेतिहास तपासला गेला आणि महाराष्ट्रातल्या माझ्या विद्यापीठाकडून गुणपत्रिका सीलबंद लिफाफ्यात मागवून ती पडताळणी करणाऱ्या संस्थेला पाठवावी लागली, ज्यात साडेतीन महिने गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विद्यार्थ्यांमध्ये वावरणाऱ्या माणसाची पडताळणी झालीच पाहिजे. पण शंभराहून अधिक तरुण मुले ज्याच्या शब्दावर उठतात-बसतात, ज्याला वर्षाला लक्षावधी डॉलर मिळतात, त्या माणसाची तेवढीही चौकशी होत नसेल, तर माझ्या त्या सीलबंद लिफाफ्याला काय अर्थ राहिला? डिसेंबर २००१ मध्ये नोटर डेमने जॉर्ज ओ'लीरी यांना नेमले आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांच्या परिचयपत्रात नसलेली पदव्युत्तर पदवी आणि न खेळलेले सामने लिहिलेले होते. ही गोष्ट विद्यापीठाने शोधली नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने, कौतुकाचा लेख लिहिण्यासाठी म्हणून, त्यांच्या कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, तेव्हा ती बाहेर आली. जे काम एका बातमीदाराच्या काही फोनांनी झाले, ते देशातल्या एका नामांकित विद्यापीठाला नेमणुकीपूर्वी करावेसे वाटले नाही.

तेव्हापासून आजवर हेच चालत आले आहे. प्रशिक्षकाविषयीचे सत्य त्याला नेमणाऱ्या संस्थेने स्वतः होऊन बाहेर काढल्याचे उदाहरण मला शोधूनही चटकन आठवत नाही. ते बाहेर काढतात ते पोलीस, प्रतिपक्षाचे वकील आणि वर्तमानपत्रे. पेट्रिनो यांचे प्रकरण पाहा. १ एप्रिल २०१२ रोजी आर्कान्सॉमधल्या एका ग्रामीण रस्त्यावर त्यांच्या मोटारसायकलला अपघात झाला. आपण एकटेच होतो, असे त्यांनी विद्यापीठाला आणि पत्रकारांना सांगितले. पोलिसांच्या अहवालातून कळले की मागे एक तरुणी बसलेली होती, आणि ही तरुणी काही दिवसांपूर्वीच फुटबॉल विभागात त्यांनीच नेमलेली कर्मचारी होती. त्या जागेसाठी दीडशेहून अधिक अर्ज आलेले होते, दोघांचे विवाहबाह्य संबंध होते आणि पेट्रिनो यांनी तिला २०,००० डॉलर दिलेले होते. तेव्हाचे क्रीडा संचालक जेफ लाँग यांनी आदल्याच हंगामात ११ सामने जिंकून देणाऱ्या या प्रशिक्षकाला १० एप्रिलला काढले आणि ते सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता. मला तो दिवस स्पष्ट आठवतो, कारण या खेळात निदान एक माणूस तरी विजयापेक्षा काही अधिक मोलाचे मानतो, याचे तेव्हा मला मोठे अप्रूप वाटले होते.

त्यानंतर आठ महिन्यांत वेस्टर्न केंटकीने पेट्रिनो यांना मुख्य प्रशिक्षक केले. २०१४ मध्ये लुइव्हिलने त्यांना सात वर्षांचा करार दिला. २०२३च्या अखेरीस स्वतः आर्कान्सॉनेच त्यांना आक्रमणाच्या आखणीसाठी परत बोलावले. ज्या दीडशे उमेदवारांनी त्या एका जागेसाठी प्रामाणिकपणे अर्ज केले होते, त्यांना त्या विद्यापीठाने कधी परत बोलावले का? हा प्रश्न मी गेल्या हंगामात ज्यांना ज्यांना विचारला, त्यांनी मला पेट्रिनो यांच्या आक्रमणाचे आकडे ऐकवले. त्या आकड्यांच्या आशेवर संघ त्यांच्या हाती दिला गेला आणि त्यांच्या प्रभारी काळातले सातही सामने आर्कान्सॉ हरले. ते सातही सामने जिंकले असते, तरी मी हेच लिहिले असते.

फ्रीझ यांच्या बाबतीत तर माझा संयमच सुटतो, कारण हा माणूस धर्मवचने सांगत मिरवत होता. मिसिसिपी विद्यापीठात, ज्याला सगळे ओल मिस म्हणतात, त्यांनी २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे अलाबामाला हरवले आणि त्यांना डोक्यावर घेतले गेले. जुलै २०१७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला तो विद्यापीठाच्या फोनवरून देहविक्रयाच्या जाहिरातीतल्या एका क्रमांकावर केलेला फोन उघड झाला म्हणून. तो फोन शोधला त्यांच्या आधीचे प्रशिक्षक ह्यूस्टन नट यांच्या वकिलाने, सार्वजनिक नोंदी मागवून. देयके विद्यापीठ भरत होते, नोंदी विद्यापीठाकडे होत्या, आणि तरीही पाहण्याची तसदी घेतली ती विद्यापीठावर खटला भरणाऱ्या पक्षाने! त्यानंतर खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांबद्दल संघावर बोल-सामन्यांची, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांची, दोन वर्षांची बंदी आली आणि फ्रीझ यांच्या काळातले २७ विजय नोंदीतून पुसले गेले. ही बंदी भोगली ती मागे राहिलेल्या मुलांनी. फ्रीझ यांना डिसेंबर २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाने नेमले, आणि तिथले क्रीडा संचालक होते इयन मकॉ, म्हणजे बेलर विद्यापीठात लैंगिक अत्याचारांची प्रकरणे दडपली गेल्याचे उघड झाले तेव्हा तिथे याच पदावर असलेले गृहस्थ. पुढे लिबर्टीवर खटला भरणाऱ्या महिलांपैकी एका माजी विद्यार्थिनीला फ्रीझ यांनी मकॉ यांची बाजू घेणारे खासगी संदेश पाठवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑबर्न त्यांना नेमत असताना ती गोष्ट जाहीर झालेली होती. तरीही वर्षाला ६५ लाख डॉलरचा करार झाला.

इथे 'आम्हाला माहीत नव्हते' ही सबबसुद्धा उरत नाही. पहिल्या विद्यापीठाने विचारले नाही म्हणून त्याला कळले नाही, हे एकवेळ समजू शकते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या विद्यापीठाला सगळे ठाऊक असते आणि ते ठाऊक असूनच दार उघडतात. ऑबर्नमध्ये फ्रीझ यांनी १५ सामने जिंकले आणि १९ गमावले, म्हणून त्यांना काढले. वर्तनासाठी काढले नाही, हरण्यासाठी काढले. त्यामुळे करारानुसार सुमारे १ कोटी ५८ लाख डॉलर त्यांना देणे लागले. डिसेंबर २०२० पासूनच्या पाच वर्षांत ऑबर्नवर काढून टाकलेल्या तीन मुख्य प्रशिक्षकांचे असे पाच कोटी डॉलरहून अधिक देणे झाले आहे. हा पैसा देणगीदारांचा असतो, फीचा नसतो, असे उत्तर मला नेहमी मिळते. पण देणगीदार ग्रंथालयालाही देणगी देऊ शकतात, आणि ते तशी देत नाहीत, हेच तर माझे दुखणे आहे.

मिशिगन स्टेट या आमच्या राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक मेल टकर यांच्याविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण ते माझ्या घराजवळचे आहे आणि त्याचा त्रास अजून कमी झालेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये, एका चांगल्या हंगामाच्या जोरावर, त्यांना दहा वर्षांचा ९ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार दाखल झाली; तक्रारदार महिला लैंगिक हिंसेविरुद्ध काम करणारी होती आणि खेळाडूंशी याच विषयावर बोलण्यासाठी तिला विद्यापीठाने बोलावले होते. टकर यांनी आरोप नाकारले. तक्रारीनंतर नऊ महिने ते मैदानावर तसेच उभे होते आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी एका राष्ट्रीय वर्तमानपत्राने बातमी छापली, त्याच दिवशी त्यांना निलंबित केले गेले. सप्टेंबर संपण्याआधी ते बडतर्फ झाले. लॅरी नासर या डॉक्टरच्या अत्याचारांपायी २०१८ मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड करावी लागलेले हे विद्यापीठ आहे. त्याने तरी बातमीची वाट पाहायला नको होती.

मला कोणी म्हणेल की माणसाला दुसरी संधी द्यावी. मी ते मान्य करते, आणि अगदी मनापासून करते. मी सगळ्यांना एका माळेत ओवतही नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांना जुलै २०२३ मध्ये संघातल्या छळाच्या तक्रारींवरून काढले गेले, त्यांनी विद्यापीठावर दावा लावला, आणि २०२५ मध्ये तडजोड होताना विद्यापीठानेच मान्य केले की कोणत्याही खेळाडूने त्या छळाची तक्रार त्यांच्याकडे केल्याचा पुरावा सापडला नाही. त्यांना डिसेंबरमध्ये मिशिगन स्टेटने नेमले, याबद्दल माझ्या मनात शंका असतील, पण राग नाही, कारण तिथे निदान तपासणी झाली, कागद पुढे आले आणि दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. मला राग येतो तो दुसरी संधी फक्त एकाच बाजूच्या माणसांना मिळते याचा. रेजी बुश या खेळाडूच्या कुटुंबाने कॉलेजच्या दिवसांत पैसे आणि भेटी घेतल्या, म्हणून २०१० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइसमन करंडक सोडावा लागला आणि तो परत मिळायला २०२४ साल उजाडले. खेळाडूला चौदा वर्षे, आणि पेट्रिनो यांना आठ महिने. २०२१ पर्यंत फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने विद्यापीठ बदलले तर त्याला साधारणपणे एक पूर्ण वर्ष सामने न खेळता बसावे लागे. प्रशिक्षक मात्र आज राजीनामा देऊन उद्या दुसऱ्या राज्यात पत्रकार परिषद घेत असे, आणि त्यांच्या शब्दावर विसंबून आलेली मुले मागे राहत.

आणि ज्यांना कोणतीच संधी उरली नाही, त्यांचे काय? सुरुवातीला सांगितलेला तो १९ वर्षांचा मुलगा, जॉर्डन मॅकनेअर, मेरीलँडचा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू होता. २९ मे २०१८ रोजी ११० यार्डांच्या धावांच्या सरावात त्याला उष्माघात झाला. अशा वेळी मुलाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात ठेवायचे असते, हे शाळेतल्या प्रशिक्षकालाही शिकवले जाते. ते केले गेले नाही, आणि रुग्णवाहिकेसाठी फोन करायला सुमारे एक तास गेला. १३ जूनला तो गेला. पुढे नेमलेल्या समितीने म्हटले की खेळाडू बोलायला घाबरत होते, म्हणून संघातल्या अडचणी चिघळत राहिल्या. ३० ऑक्टोबरला विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या आग्रहावरून डर्किन यांना पुन्हा कामावर घेतले गेले आणि ३१ ऑक्टोबरला, लोकांचा संताप अनावर झाल्यावर, काढले गेले. त्यांनी त्या मुलाला स्वतःच्या हाताने इजा केली असे कोणी म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण ज्या संघात मुले बोलायला घाबरतात, त्या संघाचा प्रमुख त्या भीतीला उत्तरदायी असतो. असे असूनही २०२० मध्ये ओल मिस, २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एम आणि २०२४ मध्ये ऑबर्न असे एकेक दार त्यांच्यासाठी उघडत गेले.

दरम्यान जॉर्डनच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने संस्था काढली आणि उष्माघाताविषयी खेळाडूंना, पालकांना आणि प्रशिक्षकांना सांगत ते फिरू लागले. २०२१ मध्ये मेरीलँड राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला.

८ नोव्हेंबर २०२५ रोजी ऑबर्नचा सामना नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टशी होता, आणि डर्किन यांचा प्रभारी मुख्य प्रशिक्षक म्हणून तो पहिला सामना होता. माझा मुलगा यंदा एकोणीस वर्षांचा झाला. तो सोफ्यावर माझ्या शेजारी बसून सामना पाहत होता. कॅमेरा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या डर्किन यांच्यावर गेला, तेव्हा मी त्याला मॅकनेअरविषयी सांगितले. त्याने हे नाव ऐकलेले नव्हते. "तो त्या वेळी केवढा होता?" असे त्याने विचारले, आणि मी सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. ऑबर्न जादा वेळेत ४५-३८ असे हरले. तो शेवट आम्ही पाहिला नाही.