डेस पळाला नाही

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांमध्ये एक मेसेज फिरतो. आपला कोच डेस बकिंगहॅमने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई सोडून इंग्लंडचा ऑक्सफर्ड युनायटेड क्लब गाठला, तेव्हा तो पहिल्यांदा आला. नंतर संघ सलग दोन सामने हरला की कोणीतरी तो उकरून काढायचं. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे जगभर क्लब बाळगणाऱ्या आपल्या मोठ्या भागीदाराने, क्लबातून अंग काढून घेतलं, तेव्हा तर एका संध्याकाळी मला तो तीन ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: डेस भर सीझनमध्ये पळाला, तोही तिसऱ्या दर्जाच्या क्लबसाठी आणि पैशासाठी. खरं तर सिटी ग्रुपनेच त्याला आपल्या दुसऱ्या क्लबात हलवला. डेसच्या आधीचा कोच लोबेरा असता तर असा गेला नसता. डेस गेला त्या दिवसापासून मुंबईची उतरण लागली, आणि खरा चाहता त्याला माफ करणार नाही.

मी हा मेसेज पाठवणाऱ्यांना ओळखतो. आझाद नगरला मेट्रोतून उतरून त्यांच्याबरोबर अंधेरीच्या स्टेडियमवर चालत गेलोय. त्यामुळे हे भांडण घरातलंच आहे.

भर सीझनमध्ये गेला, हे खरं आहे. १६ नोव्हेंबरला बातमी आली. त्याच्या दहाच दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर सौदीचा अल-हिलाल आपल्याशी खेळून गेला होता. नेमार येणार म्हणून आम्ही महिनाभर नाचलो होतो, तो दुखापतीमुळे आलाच नाही आणि आपण ०-२ हरलो. ती हार पचते न पचते तोच कोच गेला. राग येणारच. मलाही आला. दोन दिवस मी कोणाशी फुटबॉलवर बोललो नाही. आमच्या घरात ही बातमी हवामान खात्याच्या इशाऱ्याइतकी गंभीर धरली जाते.

पण मुहूर्त डेसने काढला नव्हता. इंग्लंडच्या ब्रिस्टल सिटी क्लबने ऑक्टोबरच्या शेवटी आपला कोच नायजेल पिअर्सनला काढलं. त्या खुर्चीवर बसवायला त्यांनी ऑक्सफर्डचा कोच लियम मॅनिंग उचलला, तोही भर सीझनमध्ये आणि संघ गुणतक्त्यात वर असताना. ऑक्सफर्डची खुर्ची रिकामी झाली, त्यांनी डेसला बोलावलं. मग मुंबईची रिकामी झाली आणि डिसेंबरात मेलबर्न सिटीचा सहायक प्रशिक्षक पीटर क्रॅटकी आपल्याकडे आला. इंग्लंडच्या पश्चिमेला एका माणसाची नोकरी गेली, आणि त्याचा धक्का डब्यांच्या गाडीसारखा अंधेरीपर्यंत लागला. यात पळालं नेमकं कोण? ऑक्सफर्डच्या लोकांनी मॅनिंगला नेमकं तेच ऐकवलं जे आपण डेसला ऐकवत होतो, आणि त्याच आठवड्यात ते डेसचं स्वागत करत होते. यात हसण्यासारखं काही नाही. आपणही तेच केलंय, त्याकडे येतो.

त्याआधी ही निष्ठा एकाच बाजूने का मागायची ते सांगा. ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवा गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर होता, लीगचे तीनच सामने उरले होते, आणि गोव्याने सर्जिओ लोबेराला काढलं. पुढे क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली शिल्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याचं बक्षीस, मिळालीही, पण घर बांधणाऱ्याला वास्तुशांतीच्या आधी बाहेर काढलं होतं. हुआन फेरांडोने मोहन बागानला मार्च २०२३ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) कप, म्हणजे गुणतक्त्यानंतरच्या बाद फेरीचं विजेतेपद, जिंकून दिला, जानेवारी २०२४ मध्ये त्याला नारळ मिळाला. खुद्द डेसचं काय झालं? मे २०२४ मध्ये वेम्बलीवर प्लेऑफ जिंकून त्याने ऑक्सफर्डला पंचवीस वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत नेलं. डिसेंबरात त्यालाच काढलं. सात महिने! त्या दिवशी क्लबला गद्दार म्हणणारा एकही मेसेज माझ्या फोनवर आला नाही. कोच गेला की दगा, आणि क्लबने काढला की ‘व्यावसायिक निर्णय’. हा हिशेब कुठला?

आता ‘तिसऱ्या दर्जाचा क्लब’. लीग वन ही इंग्लंडची तिसरी श्रेणी, बरोबर. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारा संघ सोडून कोणी तिथे का जावं? तर डेस ऑक्सफर्डचा आहे. जन्म तिथला, आणि तरुणपणी त्याच क्लबच्या लहान पोरांना शिकवत त्याने कोचिंगला सुरुवात केली. मग वेलिंग्टन, न्यूझीलंडचे युवा संघ, मेलबर्न, मुंबई असा जगभर हिंडला. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील तालमीत बॉल मारायला शिकलेल्या पोराला उद्या शाहू स्टेडियमवर आपल्याच तालमीचा कोच व्हायला बोलावलं, तर तो आयएसएलचा पगार आणि गुणतक्ता घेऊन हिशेब करत बसेल का? कदाचित बसेलही. पण गेला, तर पेठेतलं कोणी त्याला खाली उतरलास असं म्हणणार नाही.

पैशाच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. कोणत्याही क्लबने त्याचा पगार जाहीर केलेला नाही, मेसेजातला आकडा हवेतला आहे. आणि जास्त पगारासाठी कंपनी बदलणाऱ्या आपल्या मित्राला आपण पार्टी मागतो.

सिटी ग्रुपने हलवलं म्हणणाऱ्यांनी मात्र निदान नकाशा बघायला हवा होता. ऑक्सफर्ड युनायटेड सिटी ग्रुपचा नाही, त्याचे मालक इंडोनेशियातले आहेत. हा गैरसमज कुठून आला असावा, तेही सांगतो. सिटी ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीतली ६५ टक्के भागीदारी घेतली, तेव्हापासून माणसं एका घरातून दुसऱ्या घरात जातात हे आपण बघत आलोय. डेस आला तो मेलबर्न सिटीतून. क्रॅटकी आला तोही मेलबर्न सिटीतूनच. म्हणजे जोडणी होती, पण ती आपल्या बाजूने येणारी होती. जाताना डेस त्या पाइपातून गेलाच नाही, तो बाहेरच्या दाराने गेला.

आणि लोबेरा! इथे मला खरंच हसू येतं. लोबेराने २०२०-२१ मध्ये शिल्ड आणि कप दोन्ही जिंकून दिले. त्याच्याबद्दल मला एक वाकडा शब्द बोलायचा नाही. पण त्याला निष्ठेचा पुतळा करणाऱ्यांनी तारीख बघावी. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये गेला, पुढचा सीझन दीड महिन्यावर असताना, आणि नंतर चीनच्या सिचुआन ज्युन्यू क्लबात दिसला. हा क्लब सिटी ग्रुपचा. म्हणजे मेसेजात डेसवर जो आरोप आहे, तो बसतो लोबेराला! आणि लोबेराच्या जाण्याची घोषणा झाली त्याच दिवशी नवा कोच म्हणून नाव आलं ते डेसचं. तेव्हा कोणी ऊर बडवला नाही, कारण कप कपाटात ताजा होता.

तो कप आला कसा, हेही जरा आठवा. गोव्याने काढलेला लोबेरा आपण घेतला. त्याच्याबरोबर जाहू, फॉल, बूमूस आणि मंदार राव देसाई असे गोव्याचे खांब एकामागोमाग उचलले. सेमीफायनलला समोर गोवाच होता आणि पेनल्टीवर आपण त्यांना बाहेर काढलं. माझा मावसभाऊ मडगावचा. त्या रात्री त्याने फोनवर एकच वाक्य म्हटलं, “तुमी आमची अर्दी टीम व्हेली.” मी हसलो होतो. आपण नेलं की ‘प्रोजेक्ट’ आणि आपल्याकडून नेलं की चोरी, हे त्याच्यासमोर बोलायची माझी तरी हिंमत नाही.

त्याच मावसभावाने डिसेंबर २०२१ मध्ये याहून वाईट भोगलं. फेरांडोने गोव्याला नुकताच ड्युरंड कप जिंकून दिला होता. सीझन सुरू असताना त्याने करारातलं सुटकेचं कलम वापरलं आणि एटीके मोहन बागानकडे गेला. कोविडमुळे तो अख्खा सीझन गोव्यातच चालू होता, म्हणजे गोव्याचा कोच गोवा न सोडताच गोव्याला सोडून गेला. डेसने निदान समुद्र ओलांडला. फेरांडोने पुढे मोहन बागानला जो कप जिंकून दिला, त्याची फायनलही मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरच झाली. देवाला विनोद कळतो.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण पुढच्या मुद्द्यात ते माझ्याच विरुद्ध जातं. फेरांडो गेल्यावर गोवा त्या सीझनला अकरा संघांत नववा आला. म्हणजे कोच गेल्याने काही बिघडत नाही, असं मी म्हणूच शकत नाही. बिघडतं, कधी फारच बिघडतं. पण मुंबईत बिघडलं का? मेसेज म्हणतो, उतरण त्या दिवशी लागली. त्या दिवसानंतरचा सीझनच बघू.

डेसने २०२२-२३ मध्ये वीस सामन्यांत ४६ गुण घेऊन शिल्ड जिंकली, पहिले अठरा सामने हरलाच नाही. तो गेला त्या २०२३-२४ च्या सीझनला आपण बावीस सामन्यांत ४७ गुण घेतले. शेवटच्या सामन्यात मोहन बागानशी बरोबरी पुरली असती, २-१ हरलो आणि शिल्ड एका गुणाने गेली. ही जखम आहेच. त्यानंतर सेमीफायनलला फातोर्ड्यावर नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण ०-२ मागे होतो. मी टीव्ही बंद करायला उठलो होतो, रिमोट सापडला नाही म्हणून राहिलो. छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. ३-२! ४ मे २०२४ च्या फायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर त्याच मोहन बागानने पहिला गोल केला, आणि मग परेरा डियाझ, बिपिन, वोइटुस यांनी तीन घालून कप मुंबईत आणला. डेसने आपल्याला शिल्ड दिली, आशियात नाव दिलं, पण कप नाही दिला. तो त्याच्या पाठोपाठ आलेल्याने दिला. याला उतरण म्हणायचं असेल तर मला अशी उतरण दरवर्षी चालेल.

गोव्याचं बिघडलं आणि आपलं नाही, हे कशामुळे? माझ्या मते तयारीमुळे. गोव्याला ऐन वेळी घरातल्याच डेरिक परेरांना कोचच्या खुर्चीवर बसवावं लागलं. आपल्याकडे क्रॅटकी आला तो त्याच पद्धतीचा खेळ शिकवणाऱ्या घरातून, आणि बिपिन, छांगटे, मेहताब, भेके ही मंडळी तो खेळ आधीच कोळून प्यायली होती. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचंही तेच. त्यांचा कोच रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, मधला एक कोच फसला, तरी मे महिन्यात लीग स्पोर्टिंगनेच जिंकली.

आशियातल्या अपयशाचं खापर डेसच्या जाण्यावर फोडणाऱ्यांना एक आठवण. २०२३-२४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये आपण सहाही सामने हरलो, त्यातले पहिले चार डेस डगआउटमध्ये उभा असतानाच. आणि एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदवला, तोही डेसनेच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यात आहेत.

मग आज मुंबईचं जे चाललंय त्याचा राग कुठे काढायचा? सिटी ग्रुप गेला तो भारतीय लीगचं पुढे काय होणार हेच ठरेना म्हणून. तो निर्णय ऑक्सफर्डच्या डगआउटमध्ये झाला नव्हता. पत्ता चुकलेला राग पोहोचत नाही, पोस्टाने परत येतो, म्हणून तर हा मेसेज फिरून फिरून आपल्याच ग्रुपवर पडतो.

राहिलं माफीचं. कप जिंकल्यावर बरोबर दोन आठवड्यांनी, १८ मे २०२४ ला, वेम्बलीवर ऑक्सफर्ड विरुद्ध बोल्टन होता. आपल्याकडे रात्र झाली होती. आमच्या ग्रुपवर शुकशुकाट होता, त्यामुळे मला वाटलं मी एकटाच बघतोय. जॉश मर्फीने पहिला गोल केला आणि फोन थरथरला. दुसऱ्या गोलला पुन्हा. सामना संपला तेव्हा ग्रुपवर सव्वाशे मेसेज होते. सगळ्यात वर, सगळ्यात आधी आलेला, फक्त दोन अक्षरांचा होता: ‘डेस’. पाठवणाऱ्याचं नाव सांगत नाही. ‘पळाला’वाला मेसेज पहिल्यांदा ग्रुपवर टाकला होता तोही त्यानेच.