नानांच्या बरणीतले हिरवे खडे

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर नानांनी फोटो टाकला. काचेच्या बरणीत बोराएवढे हिरवट गोळे आणि खाली अहिराणीत एकच ओळ: "बठ्ठा खडा पडी ग्यात!" दुपारपर्यंत सगळ्यांनी हात जोडले, दोघांनी कृती मागितली. नाना म्हणजे माझे मोठे काका. वय 68, डायबेटिस, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 आणि पित्ताशयात खडे. त्यांना फोन केला तेव्हा कळलं की डायबेटिसची गोळीही चार दिवसांपासून बंद आहे. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

नानांनी हे सगळं एका फॉरवर्ड मेसेजवरून केलं. तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं: लिव्हरमध्ये जन्मभराची घाण साचते. दिवसभर सफरचंदाचा रस, रात्री अर्धा कप तेल आणि तेवढाच लिंबाचा रस घेतला की सकाळी ती खडे होऊन पडते. ऑलिव्ह नसेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल चालतं. रात्री एक ते तीन लिव्हर स्वतःला धुतं. फॅटी लिव्हर फक्त दारू पिणाऱ्यांना होतं. 'इंग्रजी' गोळ्या लिव्हर सडवतात, म्हणून सात दिवस त्या बंद, रोज गुळवेलाचा काढा. साखर आणि कोल्ड्रिंक सोडा, हेही शेवटी आहे.

आधी ते खडे. 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी नेमकी हीच गोष्ट छापली. चाळिशीतल्या एका बाईने तेल आणि लिंबाचा असाच प्रयोग केला, तिलाही हिरवे गोळे पडले, आणि ती ते घेऊन दवाखान्यात आली. प्रयोगशाळेत तपासलं तर त्यात कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही. म्हणजे पित्ताचा खडा ज्याचा बनतो त्यातलं काहीच नाही. होती ती 75 टक्के मेदाम्लं, म्हणजे तेल ज्याचं बनतं ती फॅटी अ‍ॅसिड. 40 अंशांवर दहा मिनिटांत ते गोळे वितळून तेलकट हिरवं पाणी झालं. धुळ्यात मे महिन्यात सावलीतही पारा 40 च्या वर असतो. नाना, ती बरणी ओट्यावर ठेवून बघा. खऱ्या खड्यातलं कोलेस्टेरॉल 148 अंशांना वितळतं.

हे गोळे म्हणजे साबण. प्यायलेलं तेल आतड्यात फुटतं, त्यातली मेदाम्लं क्षारांशी जुळतात आणि गोळा तयार होतो. त्या डॉक्टरांनी ओलिक आम्ल (ऑलिव्ह तेलातलं मुख्य मेदाम्ल), लिंबाचा रस आणि थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून तसेच गोळे बाहेर बनवूनही दाखवले. पित्तनळी जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असते. बोराएवढा खडा तिथून न दुखता पडणार कसा? त्या बाईचे खरे खडे पुढे ऑपरेशन करूनच काढावे लागले.

आणि हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी इतकी चिडले नसते. एवढं तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोरात आकसतं. आत खरे खडे असतील, आणि नानांच्या आहेत, तर एखादा नळीच्या तोंडाशी अडकतो. मग कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. हा धोका मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही.

आता 'घाण साचते'. नाना, तुम्ही पांझरा नदीवरच्या फडाचं, म्हणजे पाटाच्या पाण्यावर मिळून केलेल्या शेतीचं, पाणी आयुष्यभर पाहिलंत. पाटाच्या तोंडाशी भरपूर पाणी, टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला उरलंसुरलं, आणि एकेका फडात एकेक पीक. लिव्हरची मांडणी तशीच आहे. त्याचं तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या लाखो षट्कोनी वाफ्यांत ते कडेने शिरतं आणि मधल्या शिरेकडे वाहत जातं. तोंडाशी असलेल्या पेशींना ऑक्सिजन जास्त. त्या उपाशीपोटी साखर तयार करतात, चरबी जाळतात, अमोनियाचा युरिया करतात. टेलच्या पेशी चरबी बनवतात, औषधं आणि दारू हाताळतात. वर न पकडलेला अमोनिया मधल्या शिरेला चिकटून असलेल्या एक-दोन थरांतल्या पेशी उचलतात. टेलपर्यंत कोणीतरी राखण करतंच. 2017 मध्ये उंदरांच्या लिव्हरमधली एकेक पेशी तपासली तेव्हा जवळपास निम्मी जनुकं जागेप्रमाणे कमीजास्त चालताना दिसली. इथे गाळ बसत नाही, तर विषाचं रूप बदलून ते पित्तातून किंवा लघवीतून बाहेर जातं. साचते ती चरबी, आणि मोठ्या माणसांत ती बहुतेकदा टेलपासूनच सुरू होते. दारूचा मार आणि पॅरासिटामॉलच्या अतिडोसाचा मारही तिथेच बसतो. तेलाने यातलं काहीही धुतलं जात नाही.

दारूचं म्हणाल तर आमच्या नानांनी थेंबही घेतलेला नाही. वाढलेला घेर, डायबेटिस आणि जास्तीची साखर एवढं पुरतं.

एक ते तीनच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. लिव्हरला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते बरंचसं जेवणाच्या वेळेवर चालतं. रात्री उपाशी असताना ते साठवलेली साखर रक्तात सोडतं. पण एक ते तीन धुलाई असा तास कुठेच नाही. साखर आणि कोल्ड्रिंक सोडण्याचा सल्लाही बरोबर आहे, कारण फ्रुक्टोजची चरबी लिव्हरच करतं. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही कमी होते.

गुळवेलाबद्दल एवढंच: 2020 च्या शेवटी मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तरी आधीच लिव्हर दुखावलेल्या माणसाने रोजचा काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, असं मला वाटतं.

गोळ्या बंद करायला सांगणारी ओळ मात्र मला माफ करता येत नाही. सोमवारी सकाळी नानांची उपाशीपोटी साखर 260 आली. त्यांची डायबेटिसची गोळी, मेटफॉर्मिन, लिव्हरला सडवत नाही. उलट लिव्हर गरजेपेक्षा जास्त साखर बनवत असतं, त्याला ते आवर घालतं. साखर बनवणं हे तोंडाशी बसलेल्या त्या पेशींचंच काम.

नाना, डॉक्टरांशी बोलले आहे. गोळी आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करायची. शुक्रवारी सोनोग्राफी आहे, मी साक्रीला न्यायला येते. बरणीही सोबत घ्या.