ट्रुमन यांचेच न्यायाधीश

लेखात म्हटलंय की अमेरिकेतले न्यायाधीश म्हणजे नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या ताटाखालचं मांजर. सरसकट पटलं नाही. एप्रिल १९५२, कोरियात युद्ध चालू. संप होणार म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरळ सरकारी ताब्यात घेतले, कायद्याचा आधार नसताना. २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं. नऊच्या नऊ न्यायाधीश आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले! त्यातले टॉम क्लार्क तर ट्रुमन यांचे माजी अ‍ॅटर्नी जनरल (म्हणजे कायदामंत्री), तेही विरोधात गेले. मालकांना कारखाने परत मिळाले (संप झालाच, तो भाग वेगळा). माझ्या मते राष्ट्राध्यक्षाला आवर घालण्यात खरी ढिलाई तिथल्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची. युद्ध जाहीर करायचा अधिकार तिचा, पण तिने शेवटचं युद्ध जाहीर केलं ते १९४२ साली. कोरियाचंसुद्धा नाही.